शाळेत वाय वर जातो, स्क्रीनवर खाली का जातो?

नववीच्या गणितात निर्देशक भूमितीचा धडा असतो, तिथे आपण आलेख कागदावर दोन रेघा मारतो, आडवी ती एक्स अक्ष, उभी ती वाय अक्ष, दोन्ही भेटतात तो आरंभबिंदू, उजवीकडे गेलं की एक्स वाढतो आणि वर गेलं की वाय वाढतो. हे डोक्यात इतकं पक्कं बसतं की दुसरं काही असू शकतं असं वाटतच नाही. मग तेच पोरगं जळगावला नाहीतर धुळ्याला डिप्लोमाला किंवा बीसीएला जातं, कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल असतं, टर्बो सी (सी भाषेत प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) मध्ये घर काढायचं असतं, खाली चौकोन वर त्रिकोणी छप्पर, सगळे पॉइंट वहीत नीट मोजून आणलेले असतात, आणि रन केलं की छप्पर खाली, भिंती वर. "हाई काय व्हयनं भो?" सुरू होतं. त्यावर उत्तर काय मिळतं, तर वायच्या जागी ४७९ वजा वाय लिही, घर सरळ होईल. होतंही. पण का झालं ते कोणी सांगत नाही, आणि मला हेच खटकतं, कारण हा एकच मुद्दा पुढे वेबसाइट, गेम, नकाशे, ड्रोन, थ्रीडी मॉडेल, पीडीएफ सगळीकडे परत परत भेटतो आणि दर वेळेला पोरं नुसतं इथे मायनस लावून बघ, तिथे मायनस लावून बघ करत रात्र काढतात.

म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, यात कोणीच चूक नाही. वाय वरच वाढला पाहिजे असा गणिताचा कुठलाही नियम नाही. फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये बीजगणित आणि भूमिती एकत्र आणली, पण आज आपण काढतो तशा चारही चरणांच्या दोन अक्षा त्याच्या पुस्तकात नाहीत, ती सवय नंतरच्या लोकांनी लावली. वर म्हणजे जास्त हे मनाला पटतं म्हणून ते टिकलं, बस. आणि गंमत म्हणजे गणितवालेच मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेले आकडे, लिहितात तेव्हा पहिली ओळ वर, दुसरी तिच्या खाली, तिसरी अजून खाली असं मोजतात. म्हणजे खाली मोजायची पद्धत गणितातही आहेच, फक्त वेगळ्या धड्यात.

आता स्क्रीनवर खाली का. जुना डबा टीव्ही आठवा, पिक्चर ट्यूबवाला. त्यात मागून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर पडायचा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करून उजवीकडे एक ओळ, मग परत डावीकडे येऊन खालची ओळ, असं करत तळापर्यंत. आपल्याकडे दूरदर्शन पाल पद्धतीने चालायचं, त्यात चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं (त्यातही एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत, पण तो तपशील इथे सोडून देऊ). कॉम्प्युटरला पडदा म्हणून तीच ट्यूब मिळाली. मग ज्या क्रमाने झोत फिरतो त्याच क्रमाने मेमरीत ठिपके ठेवले की मशीनला काहीच विचार करावा लागत नाही, पहिला आकडा वाच, पहिला ठिपका रंगव, पुढचा वाच, पुढचा रंगव.

मेमरी म्हणजे एकच लांबलचक ओळ असते, तिला आडवं उभं काही कळत नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत समजा एका ओळीत ३२० झाडं आहेत आणि गड्याने बांधापासून सगळ्या झाडांना सलग नंबर टाकले, पहिली ओळ ० ते ३१९, दुसरी ३२० पासून पुढे, तर पाच ओळी सोडून सहाव्या ओळीतल्या, अकरा झाडं सोडून बाराव्या झाडाचा नंबर येतो ५ गुणिले ३२० अधिक ११, म्हणजे १६११. जुन्या कॉम्प्युटरच्या व्हीजीए नावाच्या स्क्रीन पद्धतीत, ३२० बाय २०० च्या मोडमध्ये, ठिपक्याचा पत्ता अगदी असाच काढायचे, वाय गुणिले ३२० अधिक एक्स. शून्य नंबर वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि नंबर वाढला की आपण खाली सरकतो. म्हणून वाय खाली. त्यात अक्षरंही आपण वरून खालीच लिहितो, मराठी असो की इंग्रजी, पहिली ओळ वर आणि नवीन ओळ तिच्या खाली, त्यामुळे मजकुराच्या स्क्रीनलाही हेच सोयीचं पडलं. आज एलसीडी आहे, झोत वगैरे काही राहिला नाही, पण विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझरमधलं सीएसएस (वेबपेज सजवायची भाषा), कॅनव्हास आणि एसव्हीजी (वेबपेजवर चित्र काढायच्या पद्धती), सगळे आजही वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली मोजतात.

पण सगळा कॉम्प्युटर असा नाही हं, इथेच पोरं फसतात. ज्या मशिनी ठिपके रंगवत नव्हत्या, सरळ रेघ ओढत होत्या, त्यांना ओळींच्या क्रमाशी देणंघेणं नव्हतं. १९७० च्या दशकातले टेक्ट्रॉनिक्सचे ग्राफिक टर्मिनल खालच्या डाव्या कोपऱ्यातून मोजायचे, शाळेसारखेच. ब्रेझनहॅमचा लाइन काढायचा अल्गोरिदम आपण परीक्षेला पाठ करतो, तो त्याने १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी केला, म्हणजे कागदावर पेन फिरवणाऱ्या यंत्रासाठी, स्क्रीनसाठी नाही. अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८४ ची, ती छपाईसाठी, त्यात पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्य, वाय वर, आणि एक एकक म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. पीडीएफ तिच्याच घराण्यातली, म्हणून पीडीएफमध्येही वाय वर जातो. ए-फोर पान तिथे साधारण ५९५ बाय ८४२ असतं. आता कोणी दुकानाच्या बिलाची पीडीएफ कोडने बनवत असेल आणि दुकानाचं नाव वाय बरोबर २० वर टाकत असेल तर ते नाव पानाच्या तळाशी छापून येणार, त्याला वाय ८२२ च्या आसपास द्यावा लागतो. मॅकवरचं मूळ ड्रॉइंगही असंच खालून मोजतं, आणि त्याच कंपनीच्या आयफोनमध्ये वरून, त्यामुळे दोन्हीसाठी एकच अॅप लिहिणाऱ्याला हे रोज सांभाळावं लागतं. विंडोजची बीएमपी फाइल तर अजून वेगळी, स्क्रीन वरून मोजते पण बीएमपीच्या फाइलमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी साठवलेली असते, आणि हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, उंचीचा आकडा वजा लिहिला असेल तरच वरची ओळ आधी. तुम्ही स्वतः बीएमपी वाचायचा प्रोग्राम लिहिला आणि फोटोतला माणूस डोक्यावर उभा दिसला तर कारण हे.

आपल्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात पण हा फरक रोज असतो, फक्त कोणी त्याला नाव देत नाही. कोरल ड्रॉमध्ये शून्य पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, फोटोशॉपमध्ये वरच्या डाव्या. म्हणून कोरलमध्ये वायचा आकडा वाढवला की नेत्याचा फोटो वर जातो आणि फोटोशॉपमध्ये खाली येतो. आणि फिरवताना कोरलमध्ये ३० अंश टाकले तर वस्तू घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, फोटोशॉपमध्ये ३० टाकले तर घड्याळाच्या दिशेने.

या फिरवण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्या विषयाचं मर्म यातच आहे. पॉइंट फिरवायचं सूत्र असं: नवा एक्स म्हणजे एक्स गुणिले कॉस वजा वाय गुणिले साइन, नवा वाय म्हणजे एक्स गुणिले साइन अधिक वाय गुणिले कॉस. आता (१०, ०) हा पॉइंट ९० अंशात फिरवा, कॉस ० आणि साइन १, उत्तर येतं (०, १०). शाळेच्या आलेखावर हा पॉइंट कुठे, आरंभबिंदूच्या वर, म्हणजे उजवीकडून वर गेला, घड्याळाच्या उलट फिरला. स्क्रीनवर (०, १०) कुठे, खाली, म्हणजे उजवीकडून खाली गेला, घड्याळाच्या दिशेने फिरला. सूत्र तेच, आकडे तेच, उत्तरही तेच, फक्त ज्या कागदावर ते उत्तर मांडलं तो कागद उलटा आहे. म्हणून सीएसएसमध्ये रोटेट ३० डिग्री लिहिलं की डबा घड्याळाच्या दिशेने फिरतो, कॅनव्हासवरही तसंच. ब्राउझरवाल्यांनी साइनचं चिन्ह बदललं नाही, त्यांना बदलायची गरजच पडली नाही. पोरं मात्र इथे सूत्रच चुकलं समजून साइनचा मायनस दुसरीकडे टाकतात, मग ते चालतं, मग पुढे दुसरीकडे तेच सूत्र वापरलं की तिथे उलटं होतं.

आणि टर्बो सी बद्दल एक सांगायचंच आहे. त्यात वाय खाली वाढतो, बरोबर, पण आर्क फंक्शनला, म्हणजे वर्तुळाचा तुकडा काढणाऱ्या आज्ञेला, दिलेले कोन मात्र शाळेसारखे, तीन वाजताच्या जागेपासून घड्याळाच्या उलट मोजले जातात, ९० अंश म्हणजे बारा वाजताची जागा, वर. म्हणजे एकाच लायब्ररीत पॉइंटला स्क्रीनची रीत आणि कोनाला शाळेची रीत. त्यामुळे आर्कच्या टोकाला ठिपका द्यायचा असेल तर केंद्राच्या एक्स मध्ये आर (त्रिज्या) गुणिले कॉस मिळवायचं आणि वाय मधून आर गुणिले साइन वजा करायचं. वर्तुळ काढताना हे कधी लक्षात येत नाही, कारण वर्तुळ उलटं केलं तरी वर्तुळच. प्रॅक्टिकलला वर्तुळ, चौकोन, चक्रासारखे आकारच जास्त, उलटे झाले तरी सारखे दिसणारे, म्हणून चूक लपून राहते. साइन वेव्ह काढा म्हणजे लगेच कळतं, शून्यापासून सुरू होऊन आधी वर जायला पाहिजे ती स्क्रीनवर आधी खाली जाते.

कोन कुठून मोजायचा हाही वेगळा घोळ आहे. गणितात शून्य अंश म्हणजे उजवीकडे, आणि वाढतो घड्याळाच्या उलट. होकायंत्रात शून्य म्हणजे उत्तर, आणि वाढतो घड्याळाच्या दिशेने, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. भुसावळ जळगावहून जवळपास पूर्वेला, किंचित उत्तरेकडे आहे, म्हणजे होकायंत्राच्या भाषेत साधारण ८० अंश आणि गणिताच्या भाषेत साधारण १० अंश. एकातून दुसऱ्यात जायला ९० मधून वजा करायचं, इतकं सोपं आहे, वजा उत्तर आलं तर ३६० मिळवायचं. होकायंत्राचा कोन वापरायचा असेल तर पूर्वेकडचं अंतर साइनने येतं आणि उत्तरेकडचं कॉसने, शाळेच्या बरोबर उलट, आणि स्क्रीनवर घड्याळाचा काटा काढायचा असेल तर एक्स मध्ये साइन मिळवा, वाय मधून कॉस वजा करा, काटा बाराला सुरू होऊन बरोबर फिरतो.

शाळेतली लहान मुलं स्क्रॅच नावाचं सोपं प्रोग्रामिंग शिकतात त्यात तर शून्य पडद्याच्या मधोमध, एक्स उणे २४० ते २४०, वाय उणे १८० ते १८० आणि वाय वर, म्हणजे पॉइंट गणितासारखे, पण दिशा होकायंत्रासारखी, ० म्हणजे वर आणि ९० म्हणजे उजवीकडे. पायथनच्या टर्टल या चित्र काढायच्या साधनात कोन मोजायच्या दोन रीती आहेत, स्टँडर्ड मोडमध्ये ० म्हणजे उजवीकडे आणि घड्याळाच्या उलट, लोगो मोडमध्ये ० म्हणजे वर आणि घड्याळाच्या दिशेने. दोन्ही रीती वापरणारी माणसं आहेत हे त्यांनी मान्य केलं आणि दोन्ही दिल्या, मला ही पद्धत आवडते. याउलट एक्सेल बघा. सी, पायथन, जावास्क्रिप्ट सगळीकडे एटॅन-टू फंक्शनला (एक्स-वाय वरून कोन काढणारं) आधी वाय द्यायचा मग एक्स, आणि एक्सेलमध्ये आधी एक्स मग वाय. नाव तेच, काम तेच, क्रम उलटा. पायथनचं सूत्र एक्सेलमध्ये जसंच्या तसं टाकलं की कोन चुकणार, आणि एरर येत नाही, कारण आकडा तर मिळतोच.

क्रमाचा विषय निघालाच तर नकाशाचं बघू, कारण आजकाल आपल्याकडे शेताच्या बांधाचे जीपीएस पॉइंट घेऊन नकाशा बनवायचं काम बरीच पोरं करतात. जळगाव साधारण २१.०१ उत्तर अक्षांश आणि ७५.५६ पूर्व रेखांशावर आहे. गूगल मॅप्समध्ये आधी अक्षांश मग रेखांश. पण जिओजेसन नावाचा फॉरमॅट, ज्याचं प्रमाण २०१६ मध्ये ठरलं, त्यात आधी रेखांश मग अक्षांश, केएमएल फाइलमध्येही तसंच. त्यांचं कारण बरोबर आहे, रेखांश म्हणजे आडवं, तो एक्स, अक्षांश म्हणजे उभं, तो वाय, आणि आपण शाळेत एक्स आधी लिहितो. बोलायच्या सवयीत मात्र अक्षांश आधी येतो. तुम्ही गूगलवरून आकडे उचलून तसेच जिओजेसनमध्ये टाकले तर जळगाव ७५.५६ उत्तर आणि २१.०१ पूर्वेला जातं, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डच्या दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रात. शेत समुद्रात दिसलं की लगेच आकड्यांचा क्रम तपासा. खान्देशापुरतं तर ओळखणं फारच सोपं आहे, विशीच्या आसपासचा आकडा तो अक्षांश, सत्तरीच्या घरातला तो रेखांश, यात गोंधळ होऊच शकत नाही.

नकाशाची दुसरी चूक वायची. वेबवरचा नकाशा छोट्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी बनतो, त्यांना टाइल म्हणतात, आणि गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या पद्धतीत टाइलचे नंबर वरून, म्हणजे उत्तरेकडून खाली मोजतात. टीएमएस नावाची जुनी पद्धत आहे ती खालून, दक्षिणेकडून मोजते. एका पद्धतीच्या टाइल दुसऱ्या पद्धतीने मागितल्या की उत्तर-दक्षिण अदलाबदल होते, जळगाव बघायला जावं तर २१ उत्तरऐवजी २१ दक्षिण अक्षांश समोर येतो, तिथे हिंदी महासागर, नुसतं निळं पाणी. पोरांना वाटतं टाइल लोड झाली नाही. झाली आहे, पण दुसऱ्या गोलार्धातली. वेबवर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेट लायब्ररीत यासाठी एक टीएमएस नावाचं ऑप्शन आहे, ते चालू केलं की सातपुडा परत वर येतो. उपग्रहाच्या फोटोतही पिक्सलची ओळ वरून खाली मोजली जाते आणि उत्तरेकडचं अंतर खालून वर, म्हणून फोटोसोबतच्या छोट्या वर्ल्ड फाइलमध्ये चौथी ओळ बहुतेक वजा आकड्याची असते. ती चूक समजून कोणी मायनस काढून टाकला की सगळा फोटो उत्तर-दक्षिण पालथा होतो.

शेताचं क्षेत्रफळ काढताना अजून एक गोष्ट दिसते. चौकोनाचे कोपरे क्रमाने देऊन क्षेत्रफळ काढायचं सूत्र आहे, प्रत्येक कोपऱ्याचा एक्स पुढच्याच्या वायशी गुणायचा, वाय पुढच्याच्या एक्सशी, दोन्हींची वजाबाकी करून सगळ्यांची बेरीज, तिचं निम्मं. १०० मीटर बाय १०० मीटरचं शेत, कोपरे घड्याळाच्या उलट दिशेने घेतले तर उत्तर अधिक १०,००० चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर. तेच घड्याळाच्या दिशेने चालत घेतले तर वजा १०,०००. वजा एक हेक्टर शेत नसतं हे सगळ्यांना कळतं, म्हणून अॅपवाले चिन्ह काढून टाकतात. पण ते चिन्ह फुकटचं नाही, ते आपण कुठल्या बाजूने फिरलो ते सांगतं. आणि स्क्रीनच्या पिक्सलवर हेच सूत्र लावलं तर चिन्ह उलटं लागतं, डोळ्याला घड्याळाच्या दिशेने दिसणारा क्रम अधिक उत्तर देतो, कारण एक अक्ष उलटी केली की फिरण्याची दिशा उलटते. दोन अक्षा उलट्या केल्या तर दिशा परत होती तशीच, कारण तो आरसा नाही, तो नुसता अर्धा फेरा आहे. एक उलटी म्हणजे आरसा, दोन उलट्या म्हणजे फेरा, एवढं नीट समजलं तर थ्रीडीचं निम्मं दुखणं संपतं.

थ्रीडीमध्ये उजवा हात आणि डावा हात अशा दोन जाती आहेत. अंगठा एक्स, पहिलं बोट वाय, मधलं बोट झेड, तिन्ही एकमेकांना काटकोनात धरा, दोन्ही हातांचे धरा, आणि एक हात दुसऱ्यासारखा फिरवून बघा, तिन्ही बोटं कधीच जुळत नाहीत. भौतिकशास्त्र, गणित, आणि ऑटोकॅड, ब्लेंडर, माया या आराखडे-मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरचा कारभार उजव्या हाताचा. युनिटी आणि अनरियल ही गेम बनवायची सॉफ्टवेअर डाव्या हाताची. त्यात वर कोण हा अजून वेगळा प्रश्न, ब्लेंडरमध्ये झेड वर, मायात वाय वर, युनिटीत वाय वर, अनरियलमध्ये झेड वर. हे वेडेपणाने झालेलं नाही. इमारतीचा किंवा जमिनीचा नकाशा टेबलावर पसरून काढणाऱ्याला एक्स-वाय जमिनीवर हवे असतात, मग उंचीला झेड. स्क्रीनसमोर बसून काम करणाऱ्याला एक्स-वाय स्क्रीनवर आधीच आहेत, उरलेला झेड स्क्रीनच्या आत किंवा बाहेर. वाय वर धरून झेड आत वाढवला तर डावा हात, बाहेर वाढवला तर उजवा. आत म्हणजे लांब, लांब म्हणजे मोठा आकडा, हे पटणारं आहे म्हणून डायरेक्ट-थ्रीडी या ग्राफिक लायब्ररीच्या जुन्या लोकांनी डावा हात घेतला, ओपनजीएल या दुसऱ्या ग्राफिक लायब्ररीवाल्यांनी गणिताशी सांगड ठेवून उजवा घेतला आणि कॅमेरा उणे झेडकडे बघतो असं ठरवलं.

ब्लेंडरमध्ये बैल बनवला आणि दुसरीकडे नेला तर तो कुशीवर नाहीतर पाठीवर पडलेला येतो, हे सगळ्यांनी बघितलंय. मग लोक काय करतात, वाय आणि झेडची अदलाबदल. इथे सावध. नुसती अदलाबदल म्हणजे (एक्स, वाय, झेड) चं (एक्स, झेड, वाय) केलं तर तो आरसा आहे, हात बदलला. आणि (एक्स, झेड, उणे वाय) केलं तर तो नुसता फेरा, हात तोच राहिला. ब्लेंडरमधून जीएलटीएफ या थ्रीडी मॉडेलच्या फाइलमध्ये जायचं तर दोन्ही उजव्या हाताचे, म्हणून मायनसवाला बदल पाहिजे. युनिटीत जायचं तर हातही बदलायचाय, तिथे साधी अदलाबदल चालते, पण मग त्रिकोणाच्या कोपऱ्यांचा क्रमही उलटा द्यावा लागतो, कारण युनिटी समोरून घड्याळाच्या दिशेने दिसणारा त्रिकोण पुढची बाजू मानते, आणि ओपनजीएल न सांगता घड्याळाच्या उलट दिशेचा. क्रम चुकला की मॉडेल आतून बाहेर आल्यासारखं दिसतं, पुढचा भाग गायब, मागची आतली बाजू दिसते. वरच्या शेताच्या क्षेत्रफळाचं चिन्ह आठवा, ग्राफिक कार्ड प्रत्येक त्रिकोणाचं तेच चिन्ह बघून कोणता काढायचा आणि कोणता सोडायचा ते ठरवतं.

स्क्रीनवर जायच्या शेवटच्या पायरीवरही एकमत नाही. ओपनजीएल, डायरेक्ट-थ्रीडी आणि अॅपलची मेटल या तीन ग्राफिक लायब्ररींच्या आतल्या उणे एक ते एकच्या चौकटीत वाय वर. २०१६ मध्ये आलेल्या वल्कन या लायब्ररीत वाय खाली. खोलीचा (वस्तू किती आत आहे त्याचा) आकडा ओपनजीएलमध्ये मुळात उणे एक ते एक, बाकी तिघांत शून्य ते एक. ओपनजीएलचा कोड वल्कनला नेला आणि चित्र उलटं आलं तर शेडर (ग्राफिक कार्डवर चालणारा छोटा प्रोग्राम) चुकला नाही, फक्त ही रीत बदलली.

ड्रोनवाल्या पोरांसाठी दोन ओळी. विमानाच्या रीतीत पहिली अक्ष उत्तर, दुसरी पूर्व, तिसरी खाली. खाली अधिक, म्हणून ड्रोन १० मीटर वर गेला तर आकडा उणे १० येतो. ड्रोन चालवणारं पीएक्स-फोर सॉफ्टवेअर ही रीत वापरतं. रोबोटच्या आरओएस या सॉफ्टवेअरमध्ये पूर्व, उत्तर, वर. दोन्ही उजव्या हाताच्याच आहेत, तरी एकाचा आकडा दुसऱ्याला तसाच दिला की वर जा म्हटलेला ड्रोन खाली यायला बघतो, त्यामुळे पहिली उड्डाणं सिम्युलेटरवरच करा, हे मी कळकळीने सांगतो.

आता त्या ४७९ कडे येतो, कारण तिथे एक बारीक काटा आहे. ४८० ओळी असतील तर त्यांचे नंबर ० ते ४७९. शेवटच्या ओळीचा नंबर ४७९, म्हणून ओळीचा नंबर उलटायचा तर ४७९ वजा वाय, टर्बो सी मध्ये गेटमॅक्सवाय बरोबर हाच आकडा देतं. पण जर तुम्ही ओळीचा नंबर नाही तर कागदावरचं अंतर उलटत असाल, जसं कॅनव्हासवर रेघ काढताना, तर वरची कड ० आणि खालची कड ४८०, तिथे ४८० वजा वाय. दोन्ही बरोबर, कारण पिक्सलचा नंबर म्हणजे एक पूर्ण चौकोन आणि अंतर म्हणजे त्याची कड, पहिल्या पिक्सलचा मध्य ०.५ वर असतो, तो उलटला की ४७९.५ वर जातो आणि तो बरोबर शेवटच्या पिक्सलचा मध्य आहे. हे मिसळलं की चित्र एका पिक्सलने सरकतं किंवा रेघ धूसर दिसते.

कोडमध्ये हे उलटणं कुठे करायचं, तर एकाच ठिकाणी. आतलं सगळं गणित शाळेच्या रीतीने करा, आणि अगदी शेवटी, स्क्रीनवर टाकायच्या आधी, एका फंक्शनमध्ये वाय उलटवा. कॅनव्हासवर सगळी चौकटच उंचीइतकी खाली सरकवून वाय उणे एकने गुणता येते, रेघा सुंदर येतात, पण मग लिहिलेली अक्षरंही पालथी पडतात, म्हणून अक्षरांच्या वेळी परत सरळ करावं लागतं. पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या लायब्ररीत प्लॉट (आलेख काढणारं) वाय वर धरतं आणि इमशो (फोटो दाखवणारं) न सांगता वाय खाली धरतं, फोटोवर आलेख काढताना हे ध्यानात ठेवा. फोटोवर काम करायच्या ओपनसीव्ही लायब्ररीत पॉइंट एक्स-वाय असा देतात, पण त्याच फोटोचा पिक्सल वाचताना आधी ओळ मग रकाना, म्हणजे आधी वाय, आणि शेपमध्येही (फोटोचा आकार सांगणारे आकडे) आधी उंची मग रुंदी.

तपासायला वर्तुळ किंवा चौकोन वापरू नका, 'र' हे अक्षर वापरा, नाहीतर 'फ', ज्याची वर-खाली डावी-उजवी कुठलीच बाजू दुसरीसारखी नाही. स्क्रीनवर आलेलं अक्षर मोबाइल फिरवून वाचता आलं तर नुसता फेरा झालाय, कोन किंवा दोन मायनस बघा. कसंही फिरवून वाचता येत नसेल तर आरसा झालाय, कुठेतरी एकच अक्ष उलटली किंवा दोन अक्षांची अदलाबदल झालीय. थ्रीडीत तीन ठोकळे ठेवा, एक्सवर लाल, वायवर हिरवा, झेडवर निळा, बहुतेक सगळी सॉफ्टवेअर हेच रंग वापरतात, आणि स्क्रीनसमोर आधी उजवा मग डावा हात धरून बघा कोणता जुळतो. कागदावर तपासायचं असेल तर बदलाच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट काढा, वजा आला तर आरसा आहे, आणि मग त्रिकोणांचा क्रम उलटायचं काम बाकी आहे.